आउटबोर्ड मोटारीचा दम जाणे : लक्षणे, कारणे आणि सल्लागार

आउटबोर्ड मोटार साफ बंद पडली तर फारसे प्रश्न उरत नाहीत. नांगर टाकायचा, वल्ही काढायची, नाहीतर कुणाला तरी हाक मारायची. खरा ताप देते ती चालू असलेली पण दम गेलेली मोटार. ती आवाज करते, धूर सोडते, पंखाही फिरवते. फक्त बोट जायला हवी तशी जात नाही. आशा सुटत नाही आणि किनारा जवळ येत नाही. अशा मोटारीबद्दल 'पिकअप घेत नाही' असे म्हणतात, आणि हे तीन शब्द उच्चारले गेले की बोटीतला प्रत्येक पुरुष मेकॅनिक होतो.

या विकाराच्या अभ्यासाला अल अझीझियाचा किनारा फार सोयीचा आहे. सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतात, अल खोबर शहराच्या दक्षिण टोकाला हा भाग येतो. बहरीनला जाणारा, १९८६ साली खुला झालेला किंग फहद पूल इथूनच समुद्रात शिरतो. आणखी दक्षिणेला गेले की हाफ मून बे. खोबर, दम्माम, जुबैल इथे नोकरीला असलेली रत्नागिरी-रायगडची आणि पुण्या-नागपूरचीही मंडळी शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत या बाजूला येतात. त्यांतल्या ज्यांची एखाद्या बोटवाल्याशी ओळख असते ती पाण्यात उतरतात. बोट बहुधा फायबरची, उघडी, स्थानिक भाषेत 'तर्राद'. मागच्या फळीवर एखादी यामाहा नाहीतर सुझुकी. सीमा रक्षकांच्या चौकीवर कागदपत्रे दाखवली जातात, परवानगी मिळते, आणि हामूर व कनाद, म्हणजे कोकणातला गोबरा आणि सुरमई, पकडण्याच्या इराद्याने बोट निघते. गळाला प्रत्यक्षात काय लागते हा या लेखाचा विषय नाही.

हा समुद्र मोटारीच्या सोयीने बनवलेला नाही. तो उथळ आहे, सरासरी खोली सुमारे ३५ मीटर. उन्हाळ्यात वरचे पाणी ३३-३४ अंशांपर्यंत तापते. महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. आखातात ते ४० च्या पुढे जाते आणि हाफ मून बेच्या कोंडलेल्या पाण्यात ५० च्याही वर. शिवाय शमाल वारा सुटला की वाळवंटातली बारीक धूळ पेट्रोलच्या कॅनपासून चिवड्याच्या डब्यापर्यंत सगळीकडे पोहोचते. मोटारीला जे जे सोसत नाही ते सगळे इथे एका जागी मिळते.

खरे तर हे यंत्र माणसाला वल्हवण्यातून सोडवण्यासाठीच निघाले. १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने आपली आउटबोर्ड मोटार बाजारात आणली. भर उन्हात भावी पत्नीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला तो वल्हवत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले आणि त्यातून मोटारीची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. २०२० साली एव्हिनरूड मोटारींचे उत्पादन बंद झाले. वल्ही अजून मिळतात, आणि बोटीत ठेवावीत.

दम गेलेल्या मोटारीला हात लावण्याआधी कान लावावा. आवाजावरून रोगाचे तीन गट पडतात. पहिला गट असा की मूठ पूर्ण पिळली तरी फेरे चढत नाहीत; मोटार गुरगुरते, अडखळते, गुदमरते. हा इंजिनाचा आजार. पेट्रोल, ठिणगी किंवा थंड करणारे पाणी यांपैकी काहीतरी कमी पडते आहे. दुसऱ्या गटात उलटे होते. फेरे भराभर चढतात, मोटार किंचाळते आणि बोट जागच्या जागी. इथे इंजिन निर्दोष आहे, गुन्हा पंख्याच्या बाजूला झालेला आहे. तिसऱ्या गटात इंजिन एकसुरात, न अडखळता चालते, फेरे नेहमीपेक्षा थोडे कमी पडतात आणि बोट जड झाल्यागत रखडते. हा दोष बोटीचा असतो, किंवा बोटीत बसलेल्यांचा. बऱ्याचशा आउटबोर्ड मोटारी पूर्ण रेसला मिनिटाला ५००० ते ६००० फेरे घेतात. फेरे दाखवणारा काटा असला तर उत्तम. नसला तर रोज त्या मोटारीवर बसणाऱ्याचा कान काट्याइतकाच भरवशाचा असतो; पण बोटीत त्याला कोणी विचारत नाही.

कारण तोवर निदान झालेले असते. "कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला." हे निदान कोणत्याही मोटारीला, कोणत्याही हवामानात आणि मोटारीकडे न बघता करता येते. ज्या मोटारींना कार्ब्युरेटरच नसतो, पेट्रोल इंजेक्टरमधून जाते, त्यांच्याही कार्ब्युरेटरमध्ये कचरा येतो. याचे कारण अनुभव. सल्ला देणाऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वी चिपळूणला स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडला होता आणि त्यात कचरा निघाला होता. त्यानंतर त्याने दुसरे यंत्र उघडलेले नसते. कार्ब्युरेटरनंतर क्रमाने कॉइल, पिस्टन आणि 'जपानी माल आता पहिल्यासारखा राहिला नाही' ही कारणे येतात. म्हणजे माणसे महाग भागांपासूनच सुरुवात करतात. मोटार मात्र आधी फुकटच्या कारणाने बिघडते, मग दहा रियालच्या, आणि अगदीच दुर्लक्ष झाले तर हजारोंच्या. तपासाचा क्रम मोटारीचा धरावा.

फुकटच्या कारणांत पहिला मान टाकीच्या झाकणावरच्या स्क्रूचा. हलवता येणाऱ्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. गाडीच्या डिकीतून टाकी नेताना वास येऊ नये म्हणून तो आवळतात, ते बरोबरच आहे. बोटीत टाकी ठेवल्यावर तो सैल करायचा असतो, ते राहून जाते. मोटार एका झटक्यात सुरू होते. पाच-दहा मिनिटे सुसाट पळते, म्हणून संशयही येत नाही. पेट्रोल जाईल तितकी हवा आत यायला वाट नसल्याने टाकीत पोकळी तयार होते, आणि बाटली ओठांनी घट्ट धरून सरबत ओढणाऱ्याची जी गत होते ती मोटारीच्या पंपाची होते. फेरे उतरतात, मोटार मान टाकते. थोडी विश्रांती दिली की पुन्हा सुरू होते, पुन्हा तितकीच पळते. झाकण सैल करताच 'सुस्स' असा आवाज आला तर तपास तिथेच संपला. १९३८ साली ज्या दम्माम क्रमांक ७ विहिरीने सौदी अरेबियाचे तेल जगापुढे आणले ती धहरानला, या किनाऱ्यापासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. त्या भूमीच्या काठावर भरल्या टाकीची मोटार पेट्रोलवाचून तडफडते ती या स्क्रूपायी.

टाकी आणि मोटार यांच्यामधल्या नळीत एक रबरी फुगा असतो. हा या यंत्रातला सर्वांत बोलका भाग. त्याच्यावर बाण असतो. तो मोटारीकडे हवा. बाणाचे टोक वर करून फुगा दाबला की काही दाबांत तो कडक होतो. चालू मोटारीचा फुगा आत शोषला जाऊन चपटा, पापडागत झाला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: स्क्रू, टाकीतली जाळी किंवा मुडपलेली नळी. दाबत राहूनही फुगा कडक होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे, किंवा फुग्यातली झडप गेली आहे. फुगा कडक आहे आणि मोटार तरी उपाशी, तर अडथळा पुढे, मोटारीच्या फिल्टरकडे. आणि मोटार दम टाकत असताना फुगा दाबल्यावर पिकअप परत येत असेल तर मोटारीचा पेट्रोलपंप थकलेला आहे. त्यातला पातळ पडदा फाटला किंवा ताठरला आहे. असे झाल्यास फुगा दाबत दाबत किनारा गाठता येतो. या कामावर सर्वांत धाकट्याची नेमणूक होते, बहुतेक वेळा नुकत्याच व्हिसावर आलेल्या भाच्याची. तो तासभर फुगा दाबतो आणि किनाऱ्यावर आल्यावर श्रेय सुकाणू धरणाऱ्याला मिळते.

पेट्रोलमधले पाणी हे पुढचे कारण. अर्धी रिकामी टाकी दमट किनाऱ्यावर राहिली की आतल्या हवेतली वाफ रात्री थंड होऊन थेंब धरते. पाणी पेट्रोलहून जड, ते तळाला बसते, आणि मोटारीची नळीही तळातूनच ओढते. काचेच्या स्वच्छ बाटलीत तळाचे पेट्रोल काढून उजेडात धरावे. पाणी असेल तर बाटलीच्या बुडाशी एक वेगळा गोळा दिसतो; बाटली तिरकी केली की तो अख्खाच्या अख्खा घरंगळतो, पेट्रोलमध्ये मिसळत नाही. हे पाहिल्यावर तरी कार्ब्युरेटरवाल्यांनी दोन मिनिटे गप्प बसावे अशी अपेक्षा असते. पाणी वेगळे करणारा फिल्टर मधे बसवला की हा त्रास बराच टळतो. कोकणातल्या मोटारींना यात आणखी एक भर आहे. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी धरून ठेवते, पण एका मर्यादेपर्यंतच; ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाला जातात, आणि मोटारीच्या वाट्याला आधी तेच येते.

आता कार्ब्युरेटर. त्याचा काहीच दोष नसतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटार दोन महिने नुसती उभी राहिली तर आत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट, पिवळट थर ठेवते. जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढे भोक. ते बुजायला फार थर लागत नाही. कोकणात जून-जुलैच्या मासेमारीबंदीनंतर असे घडते, आणि अल अझीझियात मंडळी शाळांच्या सुट्टीत गावी जाऊन आल्यावर. मोटार हळू चालताना ठीक असेल आणि रेस दिल्यावर कोलमडत असेल तर मुख्य जेटकडे बोट जाते. रेसमध्ये ठीक पण हळू करताच बंद पडत असेल तर स्लो जेटकडे. एक सोपी चाचणी आहे. दम गेलेल्या अवस्थेत क्षणभर चोक ओढावा. मोटार सावरली तर पेट्रोल कमी पडते आहे. आणखीच गुदमरली तर शोध दुसरीकडे वळवावा. ज्याने पहिल्या मिनिटाला कार्ब्युरेटरचे नाव घेतले होते तो इथे बरोबर ठरू शकतो, आणि तसा ठरला तर पुढची दहा वर्षे ते ऐकून घ्यावे लागते.

मात्र कार्ब्युरेटर हलत्या बोटीत उघडू नये. त्याच्या तळाच्या वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो, आणि तो ज्या पिनेवर झुलतो ती पीन आगकाडीपेक्षा लहान असते. ती पडायला समुद्राएवढी जागा उपलब्ध असते. जेटमध्ये तार घालून भोक साफ करण्याची पद्धतही सोडावी, कारण तारेने भोक मोठे होते आणि मग मोटार जन्मभर जादा पेट्रोल पिते. क्लीनर मारावा, हवा मारावी, पुरे.

जुन्या टू-स्ट्रोक मोटारींत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. नेहमीचे प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. हे प्रमाण मोटारीच्या पुस्तकात छापलेले असते, तरी 'थोडे जास्त असलेले बरे' म्हणून अंदाजाने ओतणारे हात असतात. फोडणीत हे चालते. इथे प्लग काळे पडतात, निळा धूर निघतो आणि मोटार मिसिंग मारू लागते. कमी घातले तर दट्ट्या सिलिंडरला धरतो आणि मग ऑइलचा प्रश्न कायमचा मिटतो.

मिसिंगचे दुसरे घराणे ठिणगीचे. दोन सिलिंडरच्या मोटारीतला एक झोपला तर मोटार बंद पडत नाही, अर्ध्या ताकदीने खुरडत राहते. प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी टोक म्हणजे तब्येत ठीक. एक प्लग तसा आणि दुसरा ओला, काळा, तर झोपलेला सिलिंडर सापडला. प्लगच्या टोपीत हिरवट बुरशी दिसली तर ते खाऱ्या हवेचे काम. प्लग बदलायला पाच मिनिटे लागतात. म्हणूनच बहुधा तो शेवटी बदलला जातो. कॉइलचा विकार जास्त लबाड आहे. थंड असताना ती उत्तम ठिणगी देते, तापल्यावर देत नाही. मोटार सकाळी खणखणीत असते, तासाभराने एक सिलिंडर सोडते. लोक मोटारीचे झाकण उघडतात, भोवती जमतात, कोणी वायर हलवतो, कोणी फुंकर मारतो, कोणी नुसतेच 'हे काय आहे' म्हणून बोट लावतो. तेवढ्यात कॉइल निवते आणि मोटार सुरळीत चालू लागते. ज्याचे बोट शेवटी लागले होते तो त्या क्षणापासून या मोटारीचा तज्ज्ञ. पुढच्या आठवड्यात त्याला पहाटे फोन येतो.

आखातात सगळ्यांत जास्त लक्ष द्यावे ते मोटारीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे. आउटबोर्ड मोटारीला रेडिएटर नसतो; ती खालून समुद्राचे पाणी ओढून, अंगात फिरवून बाहेर टाकते. त्यातली बारीक धार मागच्या बाजूने सतत दिसली पाहिजे. धार मंदावली की संशय घ्यावा, थांबली की मोटार थांबवावी. किनाऱ्याजवळ समुद्री गवताच्या फिती तरंगत असतात, शिवाय सुपरमार्केटच्या पिशव्या. यांपैकी काहीही खालच्या जाळीवर बसले की पाणी बंद. मोटार बंद करून, वर उचलून, हाताने काढले की काम होते. कधी मोटारीत पाणी व्यवस्थित फिरत असते आणि फक्त धारेचे भोक मिठाने बुजलेले असते. तिथे बारीक तार चालते. तार घालण्याची हौस इथे भागवून घ्यावी.

पाणी ओढण्याचे काम रबरी इम्पेलर करतो. मोटारीचा खालचा पाय उतरवल्यावर तो दिसतो: मधे पितळी किंवा प्लास्टिकचा गाभा, भोवती रबराच्या पाच-सहा पाकळ्या. चांगल्या इम्पेलरच्या पाकळ्या सरळ उभ्या राहतात. वाळूत राबलेल्याच्या एका अंगाला वाकून तशाच ताठरलेल्या असतात, टोके झिजून चकाकतात, आणि एखादी बुडापासून तुटलेली असते. ती तुटलेली पाकळी नाहीशी होत नाही; ती वर थर्मोस्टॅटपाशी कुठेतरी अडकून बसते आणि नवा इम्पेलर घातल्यावरही मोटार तापवत राहते. म्हणून तुकडा हाती लागेपर्यंत शोध सोडू नये. अंगणात, पाण्याबाहेर, 'फक्त आवाज ऐकायला' मोटार सुरू करण्याची सवय असेल त्याने वर्षाला दोन इम्पेलर धरून चालावे. कोरडे रबर काही सेकंदांत भाजते.

नव्या मोटारी तापल्या तर स्वतःच फेरे उतरवतात, साधारण २००० च्या आसपास आणून ठेवतात आणि शिटी वाजवतात. फोर-स्ट्रोक मोटारीत ऑइलचा दाब कमी झाला तरी हेच होते. म्हणजे इथे दम गेलेला नसून मोटारीने तो राखून ठेवलेला असतो. बोटीत मात्र शिटीलाच रोग समजतात. "वायर शॉर्ट झाली असेल, काढ ती" अशी सूचना येते, वायर निघते, शांतता पसरते, आणि सगळे समाधानाने इंजिन भाजत पुढे जातात.

या खाऱ्या पाण्यावर उपाय जुनाच आहे: परत आल्यावर दहा मिनिटे गोड्या पाण्याने मोटार आतून धुणे. अल अझीझियात तर खोबरला पाणी पुरवणारा समुद्राचे पाणी गोडे करणारा अवाढव्य प्रकल्पच आहे. तिथे अहोरात्र मीठ काढले जाते, ते पाणी नळाने घरोघर जाते, त्या पाण्याने शनिवारी संध्याकाळी गाड्या धुतल्या जातात, फरशा धुतल्या जातात, कूलरचे डबे धुतले जातात. मोटार 'पुढच्या वेळी'.

फेरे चढतात पण बोट हलत नाही, या दुसऱ्या गटाचा तपास थोडक्यात होतो. पंख्याच्या मध्यभागी रबराचे बुश असते. पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून ते घसरते. एकदा घसरलेले पुन्हा घसरते. हळू चालताना धरते, रेस दिली की सोडते. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी, फेरी मारून यावी. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले तर बुश गेले. अशा वेळी हळूहळू परत येता येते, घाई करणाऱ्याला येता येत नाही. दुसरा संशयित तंगूस. गळाची नायलॉनची दोरी पंख्यामागे शाफ्टला गुंडाळते, आतले सील कापते आणि गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरते. ऑइल दुधाळ निघाले की चूक दोरीची, आणि दोरी कोणाची यावर वाद. मोटार फळीवर फार उंच बसवली किंवा जास्त वर झुकवली तरी पंखा पाण्याऐवजी हवा पकडतो. झुकाव कमी केला की बोट लगेच ओढ घेते. वाकलेले पाते बोटीला थरथर देते, ती बाकावर बसल्या बसल्या कळते.

तिसरा गट नाजूक आहे, कारण त्यात दोष माणसांकडे येतो. लहान जलद बोट ठरावीक वेगाला पाण्यातून वर उठून पृष्ठभागावर सरकू लागते, आणि मगच ती पळते. वजन थोडे वाढले की ती उठत नाही, पाणी नांगरत राहते. म्हणून दोन माणसे जास्त झाली की वेग दोन माणसांपुरता कमी होत नाही, अर्ध्यावर येतो. बोटीला किती माणसे चालतात ते पाटीवर लिहिलेले असते. मराठी सहलीत ही संख्या सहा असली तर सहा कुटुंबप्रमुख मोजले जातात; मुले धरायची नसतात, आणि 'मी काय, एका कोपऱ्यात बसेन' म्हणणाऱ्याचेही वजन होत नाही. मग बर्फाचा कूलर, पाण्याचे खोके, बिर्याणीचे पातेले, सतरंजी, आणि वाऱ्यात कधीच न पेटलेली गॅसची शेगडी. सगळे चढल्यावर मोटार पिकअप घेत नाही हे कोणाच्या तरी लक्षात येते आणि कार्ब्युरेटरचा विषय निघतो. इथे खरी चाचणी एकच: पातेले आणि चार माणसे किनाऱ्यावर ठेवून फेरी मारणे. चार माणसे कोणती, हे ठरत नाही म्हणून ही चाचणी सहसा होत नाही.

माणसे बरोबर असतील तर बोटीचे बूड पाहावे. या कोमट पाण्यात उभ्या बोटीला काही आठवड्यांत शेवाळ आणि बार्नकलची खरखरीत कवचे धरतात, आणि वेग तिथे खर्च होतो. तळात साठलेले पाणीही काढावे. एक बादली म्हणजे दहा-पंधरा किलो, आणि अशा किती बादल्या आहेत ते उपसल्याशिवाय कळत नाही. हवेचाही थोडा वाटा आहे. २५ अंशांची हवा ४५ अंशांपर्यंत तापली की सहा-सात टक्क्यांनी विरळ होते, तेवढी ताकद कमी मिळते. पण ४० अश्वशक्तीची मोटार त्याने फार तर ३७-३८ वर येते. एवढ्याने बोट रखडत नाही, चर्चा मात्र तासभर चालते.

इतके सगळे पाहून झाल्यावर आणि काहीच न सापडल्यावर कम्प्रेशन मोजायचे. प्लगच्या जागी गेज लावून मोटार फिरवतात. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे हवेत, दहा टक्क्यांच्या आतबाहेर. एखादा फारच खाली असेल तर रिंगा किंवा दट्ट्या गेला. हे काम सनाईयाचे, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीतले. तिथला मिस्त्री केरळचा असो की पंजाबचा, मोटार बाकड्यावर घेण्याआधी तो एकच प्रश्न विचारतो, "भाई, टंकी का हवा खोला था?" या प्रश्नाला ताबडतोब 'हो' म्हणणाऱ्याची टाकी तो आधी बघतो.

भर पाण्यात करण्याजोग्या गोष्टी मोजक्याच: टाकीचा स्क्रू, फुगा, धार, जाळी, पंखा, आणि सुकाणूवाल्याच्या मनगटाला बांधलेली लाल दोरी, जी खेचली गेली तर मोटार बंद होते आणि जी सर्वांत शेवटी आठवते. बाकी सारे किनाऱ्यावर, सावलीत, खाली पांढरे कापड अंथरून. दम गेलेल्या मोटारीला पूर्ण रेस देत राहू नये. कमी फेऱ्यांवर ती चालत असेल तर तशीच, सरळ किनाऱ्याकडे न्यावी. वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे असेल तर तपास सुरू करण्याआधी नांगर टाकावा, कारण पूर्वेला बहरीन आहे आणि तिथे जायचा हा अधिकृत मार्ग नव्हे. दुसऱ्या बोटीने ओढून नेताना आपली मोटार वर उचलून ठेवावी. आणि यातले काहीच जमले नाही तर पूर्व प्रांतात मदतीचा क्रमांक ९११ आहे. फोनवर आपली जागा नकाशावरचे आकडे वाचून सांगावी. 'पुलाजवळ' एवढे सांगून भागत नाही. पूल २५ किलोमीटर लांब आहे.